चार बोटं

तिसऱ्यांदा फडकं उचललं आणि ऋजुताचं डोकं फिरलं. तासाभरापूर्वी टम्म फुगलेलं पीठ पुन्हा खळगे पडून बसलं होतं. यीस्ट ताजं होतं, पाणी कोमट होतं, मग घोडं पेंड खात होतं कुठे?

निनादने जहाजावरून शेवटचा फोन केला तेव्हा बायकोला बजावलं होतं, "शनिवारी घरी पोचतो. या खेपेला पिझ्झा तू करायचास, पीठसुद्धा घरीच मळायचं." आज शनिवार होता. समुद्रात वादळ उठल्यापासून तीन दिवस त्याचा फोन लागत नव्हता, आणि कंपनीवाले "कळवतो" यापलीकडे काही बोलत नव्हते.

तिने पीठ पुन्हा मळलं, गोळा झाकला आणि दाराआड उभी राहिली.

थोड्या वेळाने सासूबाई आल्या. त्यांनी हळूच फडकं सारलं आणि चार बोटं गोळ्यात खोल रुतवली.

"माई! तुम्ही?" ऋजुता ओरडलीच. "सकाळपासून मी मरमर मरतेय इथे!"

माई दचकल्या, पण बोटं पिठातच राहिली.

"असा गुळगुळीत गोळा झाकून ठेवू नये गं," त्या पुटपुटल्या. "पिंडासारखा दिसतो. आणि माझं लेकरू तिकडे पाण्यावर आहे."

ऋजुता ओट्याशी आली. माईंच्या बोटांशेजारी तिने आपलीही चार बोटं तळापर्यंत दाबली.

पीठ बसलं. बसू दे.