गार गल्ली

भाची स्क्रूड्रायव्हर लावून स्क्रू पिळत होती आणि स्क्रू काही केल्या हलत नव्हता. पावसाचा पत्ता नाही, तरी गंजलेला.

"काढ एकदाचं ते," गच्चीच्या दारात बसलेली मावशी म्हणाली. "बघवत नाही मला."

भाची शहरातल्या उन्हाचा अभ्यास करायची. कुठे किती सिमेंट, किती गाड्या, किती एसी, आणि त्यापायी कुठली गल्ली किती तापते, असला. सगळ्यात तापणाऱ्या गल्ल्यांमध्ये पालिका छपरं पांढरी रंगवून देणार होती, झाडं लावणार होती. मावशीची गल्ली म्हणजे नुसती भट्टी. म्हणून हिने हट्टाने एक तापमापक इथे बसवला, पांढऱ्या डब्यातला. मावशीचे यजमान, म्हणजे काका, तर हरखूनच गेले. दिसेल त्याला सांगायचे, "आमच्या पोरीची वेधशाळा आहे वरती."

आणि आकडे आले ते भलतेच. बाकीच्या गल्ल्या होरपळतायत आणि ही आपली गारेगार. मावशी फोनवर कळवळून म्हणाली, "अगं, फरशीवर पाय ठेववत नाही." तर ही शहाणी म्हणते कशी, "तुला वाटतं गं तसं. यंत्राला ना मावशी ना काका. ते खरं तेच सांगतं."

पालिकेच्या बैठकीतही तिने हेच ठासून सांगितलं. गल्ली वगळली गेली.

आणि मागच्या आठवड्यात काका याच गच्चीवर कोसळले. ऊन लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

शेवटचा स्क्रू सुटला. डबा मांडीवर घेऊन ती मावशीशेजारी टेकली.

"चुकलं माझं, मावशी. तुझं ऐकायला हवं होतं."

"तू एकटीच का? यांनी तरी कुठे ऐकलं माझं. दुपारचं वर जाऊ नका, सांगून सांगून तोंड दुखलं."

"पण भर उन्हात यायचेच कशाला ते वर?"

मावशीने डब्याकडे पाहिलंही नाही.

"तुझ्यासाठीच की गं. रोज ओलं फडकं गुंडाळायचे त्याला. वाळलं की पुन्हा भिजवायला वर. म्हणायचे, एवढ्या उन्हात पोरीचं यंत्र बिघडलं, तर तिला बोलणी बसतील."