लाल फुली

"हिचं रगत काहून नाही घेतलं तुमी?"

गोमाजीने चिठ्ठी टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर त्याच्या बायकोचं, सुशीलाबाईचं नाव होतं आणि नावावर लाल फुली. दोन वर्षं ती चिठ्ठी डाळीच्या डब्यात पडून होती. सुशीलाबाईला जाऊन एकवीस दिवस झाले होते.

डॉक्टर दामिनी नागपूरहून आल्या होत्या. जी माणसं दारूला शिवत नाहीत, अंगानेही बारीक आहेत, त्यांच्या लिव्हरमध्ये चरबी का साठते आणि त्या चरबीने आतून सूज का धरते, हे त्या शोधत होत्या. लाखांदूरजवळच्या या गावात त्यांचं हे दुसरं शिबिर. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात सकाळपासून लोक उपाशीपोटी रांगेत उभे होते. बायकांचं नाव, वय, खाणंपिणं त्यांचे नवरेच सांगत होते. नर्स मान खाली घालून लिहीत होती.

"ताराबाईचं घेतलं," गोमाजी म्हणाला. "तिले सूज निघाली. तुमी तिले भंडाऱ्याले बलावलं, औषध देलं, भात कमी कराले लावला. आज पाहा, धानाच्या रोवण्याले जाते. माही बाई तिच्याच मांगं उभी होती."

ताराबाई रांगेतच होती. तिने खाली पाहिलं.

"बसा ना, काका."

"बसाले नाही आलो."

पहिल्या शिबिराच्या दिवशी सुशीलाबाई खुशीत घरी आली होती. "मले वापस जा म्हनलं. मी चांगली आहो," म्हणाली. सकाळपासून उपाशी होती. आधी चुलीवर भात टाकला. पुढच्या वर्षी तिचं पोट फुगलं. डोळे पिवळे झाले. शेवटी रक्ताची उलटी झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरने विचारलं, या किती वर्षांपासून दारू पितात? गोमाजीने त्याची कॉलर धरली होती.

"मोहफुलं येचाची थे," तो आता दामिनींना सांगू लागला. त्याचा आवाज चढला. "टोपलंभर घरी आनाची. पर जिंदगीत त्याच्या दारूचा एक थेंब नाही पेली. पुऱ्या गावाले विचारा."

दामिनींनी जुन्या फॉर्मचा गठ्ठा सोडला. एकेक कागद उलटत गेल्या. एका कागदावर थांबल्या. तो त्यांनी वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"काका, पिणाऱ्यांना आम्ही या अभ्यासात घेत नाही. चिठ्ठीवर फुली मारून परत पाठवतो."

"म्हंजे? माही बाई पेत होती?"

"फॉर्मवर तसं लिहिलंय."

"कोन सांगतलं थे?" गोमाजीने टेबलावर हात आपटला. रांगेतले लोक वळून पाहू लागले. "मेलेल्या बाईले बट्टा लावता? नाव सांगा त्याचं. मी पाहातो त्याले."

दामिनींनी पालथ्या कागदावर हात ठेवला.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही त्यांनाच विचारायला पाहिजे होतं."

"मॅडम, नाव वाचा."

त्यांनी कागद सुलटा केला. "दारू, रोज. माहिती देणारा, पती."

गोमाजीचा हात टेबलावरच राहिला.

दोन वर्षांपूर्वीही तो इथेच उभा होता. याच खांबाजवळ. सुशीलाबाई त्याच्या मागे. नर्सने नाव विचारलं, त्याने सांगितलं. वय विचारलं, त्याने सांगितलं. मग तिने विचारलं, दारू घेतात का? भोवती गावातली सगळी ओळखीची माणसं होती. सकाळपासून उभं राहून कंटाळलेली.

"हे?" तो बायकोकडे बोट दाखवून म्हणाला होता. "पव्वा मारल्याबगर चूल नाही पेटवत!"

"रोज?" नर्सने मान वर न करता विचारलं.

"रोजच त!"

सगळी रांग हसली होती. पदर तोंडाला लावून सुशीलाबाईसुद्धा.