एका गाडीपुरती जागा

मानपाड्याकडे जाणारा रस्ता सगळ्या डोंबिवलीचा, पण सोसायटीच्या गेटासमोरची एका गाडीपुरती जागा तेवढी धुरीकाकांची. काकांकडे साधी सायकलही नव्हती. तरी सिमेंट भरलेला रंगाचा डबा तिथे मांडून ते तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दिवसभर पहारा द्यायचे. कित्येक वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेलेल्या मुलाने, विनीतने, गाडी घेतल्याचं त्यांच्या कानावर आलेलं. पोरगा एखाद्या दिवशी आला आणि लावायला जागा नाही म्हणून तसाच परत गेला तर, एवढीच त्यांना धास्ती. पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी दुपारी एक पांढरी गाडी थांबली. एक माणूस उतरून डबा सरकवू लागला. काकांना वरून त्याचं टक्कल तेवढं दिसलं.

"ओ, डब्याला हात लावायचा नाही. गाडी काढा तिथनं."

डोळ्यांवर हाताची सावली धरून त्याने वर बघितलं. काहीतरी बोलेलसं वाटलं. पण डबा होता तिथे नीट ठेवून, गेटवरच्या नव्या वॉचमनशी दोन शब्द बोलून तो निघून गेला. काका समाधानाने आत वळले.

थोड्या वेळाने वॉचमन मालवणी खाज्याचा पुडा घेऊन दारात उभा राहिला.

"ते गाडीवाले देऊन गेले. म्हणाले, बाबांना दे."

काकांचा हात कडीवरच राहिला.

"आणि विचारत होते, ही जागा कोणासाठी धरून ठेवलीय. मी म्हटलं, कोणासाठी नाय, काका कोणालाच लावू देत नाहीत."