सरड्याची कडी

कार्ताहेनाच्या जुन्या कोटात, आमच्या गल्लीत, ओळखीचा माणूस दार वाजवत नाही. खालून नावाने हाक मारतो. दार वाजवतात ते पर्यटक. म्हाताऱ्या एडेलमिराच्या दारावर पितळी सरड्याची कडी आहे आणि देइविस गाईड रोज घोळका आणून तिथेच घसा फोडतो, "सरडा म्हणजे खानदानी घर! वाजवा, नशीब उघडेल!"

एडेलमिरा वर सज्जात बादली भरूनच बसते. कडी वाजली की ओतते. "नशिबाला लागली आग तुझ्या, मुडद्या! दार आहे माझं, चर्चची घंटा नाही!"

काल देइविसचा घोळका गल्लीच्या तोंडाशी असतानाच कडी वाजली. एडेलमिराने खाली न बघताच बादली उपडी केली.

खाली तिची धाकटी बहीण नूबिया उभी होती, हातात नारळाच्या वड्यांचा पुडा. आईच्या मयतीच्या दिवशी दोघी कडाकडा भांडल्या, तेव्हा नूबियाने शपथ घेतली होती की तुझं नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही. म्हणून तर बिचारीने कडी वाजवली होती.

पर्यटकांनी टाळ्या पिटल्या. नूबियाने तोंडावरचं पाणी निपटलं, मान वर केली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी किंचाळली, "एडेलमिरा! सटवे, मेली नाहीस होय अजून?"

मग वरून दाराची किल्ली खाली पडली.