बाविसाव्या मजल्यावरचा रुसवा

“घर हलतंय,” दौलतराव म्हणाले आणि कपाटाला धरून खाली बसले.

शांताबाईंनी भाजी चिरता चिरता नुसती मान वर केली. लालबागच्या त्यांच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला होता आणि त्याच्या बाविसाव्या मजल्यावर येऊन त्यांना जेमतेम पंधरवडा झाला होता. चाळ पाडायच्या संमतीवर सगळ्यांत शेवटची सही दौलतरावांची. तीही सुनेने हातापाया पडल्यावर. “एवढ्या उंचावर माणसं राहत नाहीत, घारी राहतात,” असं म्हणून त्यांनी पेन टाकलं होतं. तेव्हा कधी ना कधी घर हलणार, हे शांताबाईंनी धरूनच ठेवलं होतं.

“घर जाग्यावर आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचंच डोकं फिरलंय.”

दौलतरावांना भडाभडा उलटी झाली. मुलगा हितेंद्र ऑफिसला निघता निघता म्हणाला, “लिफ्ट मानवली नसेल बाबांना.” सून अनुजा मात्र घुटमळली. “आई, डॉक्टरांना दाखवूया का? गेल्या आठवड्यात तापही होता त्यांना.”

“तू नवीन आहेस,” शांताबाई म्हणाल्या. लग्नाला सहा वर्षं झालेली अनुजा फडकं आणायला वळली.

नवऱ्याच्या रुसव्यांचा जमाखर्च शांताबाईंना तोंडपाठ होता. मिल बंद पडली तेव्हाचा रुसवा. भावाने गावचं घर न विचारता रंगवलं तेव्हाचा. रंगीत टीव्ही घेतला तेव्हाचा तर आठवूनही त्यांना हसू येई. रीत प्रत्येक वेळी एकच. भिंतीकडे तोंड, जेवणाला नकार, बोलण्याला उत्तर नाही. मग एके दिवशी घरात बांगड्याच्या तिखल्याचा वास सुटला की स्वारी आपोआप ताटावर. हा रुसवाही त्याच चालीने चालला होता. दौलतराव उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, गच्च डोळे मिटून पडले होते. कूस बदलायला लावली की पलंगाची कड घट्ट धरत. मोरीकडे जाताना भिंतीला चिकटून, पाय फाकून चालत.

“बघ कसे चालतात,” शांताबाई सुनेला म्हणाल्या. “बोटीत बसल्यासारखे. नाटक कंपनीत असते तर नाव काढलं असतं.”

मध्येच एकदा दौलतराव पुटपुटले, “कानात साचे चाललेत.” उमेदीची वर्षं त्यांनी मिलच्या साचेखात्यात काढली होती, मागांच्या धडधडाटात.

“झालं! आता मिल आली,” शांताबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

तिखलं केलं. ताटलीत तसंच निवून गेलं. एवढा लांबलेला रुसवा शांताबाईंच्या खात्यात नव्हता. दुपारी घरात कोणी नव्हतं. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. उभ्या संसारात जे कधी म्हणाल्या नव्हत्या ते खालच्या आवाजात म्हणाल्या.

“अहो, चुकलं माझं. तुम्हाला नको होतं, तरी मीच सगळ्यांना पुढे केलं. सुनेला तुमच्याकडे मीच पाठवलं. आपण दोघं गावाला जाऊन राहू. मी येते तुमच्यासोबत. चला.”

दौलतराव हलले नाहीत. हूं नाही की चूं नाही.

शांताबाईंनी हात काढून घेतला. माघार ही त्यांच्याकडची सगळ्यांत महागाची चीज होती. ती नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली आणि त्याने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्या दिवसापासून त्यांनीच बोलणं टाकलं. चहाचा कप स्टुलावर आदळायचा आणि निघून जायचं.

मग गावाहून दौलतरावांच्या बहिणीचा फोन आला. अनुजाने सासऱ्यांना उशीला टेकवून बसवलं आणि फोन हातात दिला. त्यांनी सवयीने तो डाव्या कानाला लावला. दोनदा हॅलो म्हणाले. “लाईन गेली,” म्हणून परत दिला. फोनमधून आत्या अजून तावातावाने बोलत होत्या. अनुजाने त्या फोनकडे पाहिलं, सासऱ्यांच्या कानाकडे पाहिलं, आणि या वेळी कोणालाही न विचारता टॅक्सी बोलावली. शांताबाई मुकाट्याने चपला घालून मागोमाग निघाल्या.

परळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दौलतरावांना बंद खोलीत बसवून कान तपासले. मग बाहेर येऊन म्हणाल्या, “कानाच्या आतल्या भागाला सूज आलेली आहे. ऐकण्याचं काम तिथलं, आणि तोल सांभाळण्याचंही. म्हणून सगळं गरगरतं. तोल हळूहळू येईल, त्यांना रोज चालवा. डाव्या कानाचं मात्र सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर निदान प्रयत्न करता आला असता.”

“पण उजवा चांगला आहे ना?” अनुजाने विचारलं.

“चांगला आहे. पण तो उशीत दाबून पडले होते ना हे? अशा पेशंटला दुसरी कूस सोसत नाही. वरचा कान गेलेला, खालचा उशीत. तुम्ही काय बोलत होतात, यांच्यापर्यंत काही पोचलंच नसेल.”

शांताबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

डॉक्टरीणबाई दौलतरावांच्या उजव्या बाजूला वाकून म्हणाल्या, “काका, ऐकू येत नाही हे घरात सांगायचं नाही का?”

दौलतराव ओशाळून हसले. “ऐकू येत नाही हे मला कुठे ठाऊक होतं? टॉवरला नाही म्हणालो म्हणून हिने माझ्याशी बोलणं टाकलं, असं वाटलं मला.”

शांताबाई झटकन उठून त्यांच्या उजव्या बाजूला गेल्या. असं काही नव्हतं हो, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण गेले काही दिवस त्यांनी बोलणं टाकलं होतं, तेवढं खरंच होतं.