डावीकडून दुसरा ठिपका

"तो जांभळा पिसारा दिसतोय का गं तुला?" सांगलीहून कुमुदिनीबाईंनी फोनवर विचारलं.

"पिसारा? माझ्याकडे तर हिरवा कडा आहे, आई," पर्थहून मृण्मयी म्हणाली.

मायलेकी दर रविवारी अंतराळ दुर्बिणीच्या वेबसाइटवर एकच तेजोमेघ उघडून बसत. पण वेबसाइट ज्याला जे आवडेल तेच रंगवून, उजळून दाखवायला लागली, तेव्हापासून एकीला दिसायचं ते दुसरीला दिसेना. बोलणं मग हवापाण्यावर येऊन संपायचं आणि उरलेली दुपार बाई त्या देखण्या चित्रासमोर एकट्याच काढायच्या.

आज त्यांनी सगळी बटणं धुंडाळली. अगदी तळाशी 'मूळ नोंद' असं एक सापडलं.

"तळाशी 'मूळ नोंद' आहे बघ, ते दाब," त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःही दाबलं.

चित्र विझलं. काळपट पडद्यावर पाच-सहा फिकट ठिपके तेवढे उरले.

"आई, यात तर काहीच दिसत नाही."

"मलाही नाही." बाईंनी खुर्ची पुढे ओढून घेतली. "डावीकडून दुसरा ठिपका बघ. जरा मंद आहे ना?"

पलीकडूनही खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"हो," मृण्मयी म्हणाली. "आहे."