वेष्टनातला प्रश्न

प्रोग्राम तपासून यंत्रभाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने सुशीलची तीच ओळ पुन्हा नाकारली.

ओळीत एक प्रश्न होता आणि त्याची दोन संभाव्य उत्तरे. नोंद सापडली तर नुसता अंक. न सापडली तर वेष्टनात गुंडाळलेला अंक. "अंक तर दोन्हीकडे अंकच आहे," सुशील पडद्याशी वाद घालत होता. "वेष्टनाने काय बिघडते?"

"काहून भांडून राहिला रे त्याच्याशी?" शेजारच्या टेबलापासून विनीताने खुर्ची त्याच्याकडे ओढली.

नव्या राज्याच्या रायपुरातल्या या कार्यालयात दोघे एकाच दिवशी रुजू झाले होते. आठवडाभरातच ती त्याला अरे-तुरे करू लागली. तो मात्र अजूनही 'विनीताजी, आपण' म्हणे. तिच्या मते तो मराठी बोलत नसे, वाचून दाखवीत असे.

"प्रश्न एक, तर उत्तरंही एकाच जातीची लागतात त्याले," ती म्हणाली. "दोन्ही मोकळे कर, नाहीतर दोन्ही डब्यात घाल. अर्धं-अर्धं नाही चालत."

सुशीलने दोन्ही अंक वेष्टनात घातले. ओळ बिनतक्रार पार झाली.

विनीता उठली नाही. नोकरी देऊ करणाऱ्या पुण्याच्या कंपनीला तिला आजच होकार वा नकार कळवायचा होता, हे तो जाणून होता. तिला रायपुरात थांबवू शकेल असे एक वाक्य तो कित्येक दिवस मनात घासूनपुसून ठेवत आला होता. ओठांवर येताना तेच नेमके घसरले.

"आपण पुण्याला जाल, की... की इथेच राहशील?"

विनीताने खुर्ची आणखी जवळ ओढली.

"एक बाजू डब्यात, एक मोकळी," ती हळूच म्हणाली. "दुरुस्त कर ना."

सुशील ओशाळला. इतका ढोबळ व्याकरणदोष त्याच्या हातून कधी घडला नव्हता. त्याने वाक्य काळजीपूर्वक पुन्हा उच्चारले.

"क्षमा करा. आपण पुण्याला जाल, की इथेच राहाल?"

वाक्यात आता एकही चूक उरली नव्हती. विनीताने खुर्ची उचलून आपल्या टेबलाशी नेली.

"आता झालं बरोबर," ती म्हणाली. "पुण्याले जाईन मी, सुशीलजी."